नव्या क्लेरिड भुंगेऱ्याचं वर्णन लिहिताना

नुसत्या रंगावरून ‘नवी जात’ म्हणू नका. क्लेरिड कुळातल्या, चौकटीच्या नक्षीच्या या भुंगेऱ्यांत एकाच जातीचे रंगही बदलतात. मी आधी नर शोधते. पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात मऊ करून जननांग अलगद काढते, ग्लिसरिनमध्ये ठेवून चित्र काढते. खरा फरक बहुधा इथेच सापडतो. एकदा घाईत ते मोडलं, आणि नमुना एकच होता. तेव्हापासून आधी फोटो, मग सुई.

शृंगिकांचे खंड, पंखकवचांवरचे खळगे जवळच्या जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहा. एकच होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना, ठरवा. तो कुठल्या संग्रहालयात आहे, तेही लिहा. लेबलवर गाव, उंची, तारीख हवीच. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी करा; 2012 पासूनच्या नियमानुसार त्याशिवाय नाव ग्राह्य ठरत नाही.