उजळणी म्हणजे उपचार नव्हे: मागे पडलेल्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

तिसरीतल्या दोन मुलांच्या पाट्या माझ्यासमोर होत्या. गणित होतं ५२ वजा १७. दोघांचंही उत्तर ४५. मी दोन्ही पाट्यांवर फुली मारली, फळ्यावर रीत पुन्हा समजावली आणि आणखी पाच गणितं घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एकेकाला जवळ बसवून म्हटलं, "बोलत बोलत सोडव बघू." मुलगा म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार." वरचा अंक कोणता, खालचा कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच तो धरून बसला होता. मुलीनं मात्र दशक सुटा केला, बारातून सात वजा करून पाच लिहिले, पण वरचे पाच दशक आता चारच उरलेत हे विसरली आणि पाचातून एक काढला.

उत्तर एकच, अडण्याची जागा वेगळी. मुलाला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात हवे होते. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, त्यातून सतरा द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्यानं स्वतः सोडून बघायला हवं होतं. मुलीला काड्यांची गरज नव्हती. दशक सोडला की ५ खोडून वर ४ लिहायचे, एवढी एक सवय तिला पुरेशी होती. माझ्या पाच जादा गणितांनी दोघांचीही चूक फक्त घोटून पक्की केली.

मागे पडलेल्या मुलांसोबत आपली पहिली आणि सर्वांत महाग चूक हीच. तोच धडा, त्याच पद्धतीनं, जरा मोठ्या आवाजात पुन्हा शिकवायचा आणि त्याला उपचारात्मक अध्यापन म्हणायचं. आधी मूल नेमकं कुठं अडलंय ते शोधा. निदानासाठी गणितही निवडून द्या. वरच्या दोघांना ५२ वजा १८ दिलं असतं, तर एकानं ४६ लिहिलं असतं आणि दुसरीनं ४४. दोघांची चूक पाटीवरच वेगळी दिसली असती.

वर्गाचं पुस्तक सुटत नाही

तिसरीचं मूल आहे म्हणून तिसरीचंच पुस्तक, हा हट्ट सोडायला हवा. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे वर्गातली बरीच मुलं समोरच्या पुस्तकापासून दोन-दोन पायऱ्या खाली उभी आहेत. त्याच पाहणीतली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही उतरंड आपल्याला वर्गातही वापरता येते. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. रोजचा तासभर इयत्ता विसरून मुलांना या पातळीप्रमाणे बसवा. अट एकच, गट कायमचे नकोत. जूनमध्ये अक्षर गटात बसलेलं मूल दिवाळीतही तिथंच असेल, तर तो गट राहिला नाही, शिक्का झाला. दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्या आणि मुलाला पुढं सरकवा.

"वाचता येतं की त्याला!"

पालक असं म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. मूल धडा घडाघडा म्हणतं. पण बोट कुठं फिरतंय ते पाहा. तोंडात तिसरी ओळ आणि बोट पहिल्या ओळीवर. चित्र हातानं झाका, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, "हे काय?" पाठांतर असेल तर मूल तिथंच थांबतं. कधी ते ओळीच्या सुरुवातीला जातं आणि मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येतं.

अक्षरांचंही तसंच होतं. फळ्यावर सुटा भ काढला, की मूल पुटपुटतं, "प, फ, ब... भ." त्याला मुळाक्षरांचं गाणं येतं, भ ओळखता येत नाही. अशा मुलाला सगळी मुळाक्षरं पुन्हा दहा-दहा वेळा लिहायला लावली तर हात दुखतो, बाकी काही होत नाही. क्रम मोडा. क, म, ल, न, र आणि सोबत काना, एवढंच घ्या. त्यातून कान, नाक, मान, लाल, मका, कमल, मामा, काका असे कितीतरी शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात मूल काहीतरी खरंखुरं वाचतं. तो आनंद पुढची सगळी बाराखडी ओढून नेतो, हे मी अनेकदा पाहिलंय. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य अशा एकसारख्या दिसणाऱ्या जोड्या मात्र एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं बसू द्या, मग दुसरं आणा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि अक्षरानंतर उच्चारायची. आपल्याला ते सहज वाटतं, सहा वर्षांच्या मुलाला नाही. तिथं घाई नको.

ऐकू येतं एक, लिहायचं दुसरं

"पंचवीस लिही" म्हटल्यावर मूल ५२ लिहितं. कान पाच आधी ऐकतो, मग वीस, आणि हात कानाचं ऐकतो. त्रेपन्नचे ३५ होतात ते यामुळंच. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारं मूलही काही चुकार नाही. त्यानं साठ नीट ऐकलेलं असतं, एकोण म्हणजे एक कमी हे त्याला कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी तेव्हा हीच अडचण मांडली होती. माझं मत असं, की अडलेल्या मुलाला काही आठवडे 'साठ तीन, त्रेसष्ट' असं जोडीनं म्हणू द्यावं. मराठी संख्यानामं त्यानं कुठं जात नाहीत, उलट त्यांचा अर्थ लागतो.

घरची भाषा चूक ठरवणं

मेळघाटात पहिलीत आलेलं मूल घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, बंजारा तांड्यावर गोरमाटी. ज्या मुलाच्या घरात आईला याडी म्हणतात, त्याला 'आ आईचा' शिकवून आ समजेलच असं नाही. चित्रावर बोट ठेवून "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" एवढा प्रश्न विचारला तरी गप्प बसलेलं मूल बोलायला लागतं. खानदेशातल्या पोरानं 'माझा'ऐवजी 'मना' म्हटलं तर वर्गानं हसता कामा नये, आणि सगळ्यात आधी गुरुजींनी. भाषा येत नाही आणि डोकं चालत नाही, या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं निदान चुकतं.

वेळ कुठून काढता?

खेळाच्या, चित्रकलेच्या तासाला मागे पडलेल्यांना बाजूला घेऊ नका. शाळेत ज्या एका गोष्टीत त्याला जमतं तीच आपण काढून घेतो, आणि जादा तास त्याला शिक्षा वाटायला लागतो. शनिवारी सलग दोन तास घेण्यापेक्षा रोजची वीस-पंचवीस मिनिटं कितीतरी कामाची. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग सांभाळून ही मिनिटं काढणं सोपं नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरी परिपाठानंतरची वेळ एकदा ठरवली आणि मोडली नाही, तर जमतं. आणि 'ढ', 'कच्चा' हे शब्द शिक्षकखोलीतही नकोत. मुलांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

मूल फळ्याकडं डोळे बारीक करून बघतंय का, हाक मारल्यावर एका बाजूनंच वळतंय का, हे आधी तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आरोग्य तपासणीसाठी शाळेत येतं, तेव्हा अशा मुलाला आवर्जून पुढं करा. दुसरीकडं, पहिलीतल्या मुलानं ३ आणि ६ उलटे काढले म्हणून लगेच अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारू नका. या वयात हे सर्रास होतं. नीट, पातळीप्रमाणे शिकवूनही तिसरीपर्यंत तीच अडचण राहिली, तर मात्र टाळाटाळ न करता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीनंतर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. त्याला आल्या आल्या चालू धड्यावर बसवू नका. ते गेलं त्या दिवशी कुठं होतं याची नोंद असेल, तर तिथूनच धरता येतं. नोंद मोठी नको. "जोडाक्षर नसलेला परिच्छेद वाचतो, रफार अडतो, वजाबाकीत दशक सोडल्यावर वरचा अंक बदलत नाही." एवढी एक ओळ त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जूनमध्ये वर्ग बदलला, बदली झाली, नवे गुरुजी आले, तरी ती वही उघडली की त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळेल.