पर्यावरणशास्त्राला जाताय? आधी वही घ्या

पदवीच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रबंधातला पीएचचा अख्खा रकाना मार्गदर्शकांनी एका रेघेत खोडला. तीन महिने नमुने गोळा केले होते, आकडेही बरे दिसत होते, पण मीटर कॅलिब्रेट केल्याची, म्हणजे माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणांशी ताडून बरोबर लावल्याची, एकही नोंद नव्हती. केला होता हो, दर वेळी केला होता! लिहिलं नव्हतं. म्हणून ही यादी.

प्रवेशाआधी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र उजळा, हे सांगायला नको. संख्याशास्त्राचं मात्र सांगतोच, कारण 'निसर्गाची आवड' घेऊन आलेले अर्धे जण तिथेच अडखळताना पाहिलेत. सरासरी आणि मध्यक यांत कधी फरक पडतो, एवढं तरी पक्कं करा. आर किंवा पायथन या संगणकभाषांपैकी एकच शिका, पण नीट. अभ्यासक्रम निवडताना विषयांच्या भारदस्त नावांवर भाळू नका. प्रयोगशाळेचे आणि क्षेत्रकामाचे तास मोजा.

पहिल्या क्षेत्रभेटीला बूट, टोपी, पाणी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. लेबलं पेन्सिलने लिहा, ओल्या कागदावर शाई फुटते. बाटल्यांच्या बाबतीत आळस नको. धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. जिवाणूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात वर थोडी जागा रिकामी सोडायची. बीओडीची (पाण्यातले जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या चाचणीची) मात्र काठोकाठ भरा, एक बुडबुडाही नको. विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजणार असाल तर तो पाण्याकाठीच फिक्स करा, म्हणजे रसायनाने बांधून टाका. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं की तपकिरी साका धरतो. एकदा माझ्या बाटलीत साका पांढराच राहिला. मला वाटलं रसायन जुनं झालं. रसायन ठीक होतं, त्या नाल्यातच ऑक्सिजन उरला नव्हता. बर्फाची पेटी विसरू नका.

आता कॅलिब्रेशन. बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचची द्रावणं: ४, ७ आणि १०. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिपून घ्या, घासू नका. मग लगेच, तिथल्या तिथे, वहीत लिहा: तारीख, वेळ, बफरचं तापमान, बफरची बाटली कधी उघडली, मीटरने काय दाखवलं. दिवस संपताना ७ च्या बफरमध्ये पुन्हा बुडवा आणि तेही लिहा. 'एवढ्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी: मीटर ०.३ ने सरकला तर हायड्रोजन आयनांचा हिशेब दुपटीने चुकतो. नोंद नसेल तर तो सरकला की नाही हे तुम्हालाही सांगता येत नाही. लक्षात राहील म्हणू नका. नाही राहत. लिहा.

नोकरीचा विचार दुसऱ्या वर्षीच सुरू करा. चाचणी प्रयोगशाळेत जायचं तर आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक वाचून जा. तिथे नोंद नसलेलं माप धरतच नाहीत. मला मुलाखतीत विचारलेला पहिला प्रश्नही कॅलिब्रेशनचाच होता. (हसू नका.) पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या कामात नमुन्यांपेक्षा अहवाल जास्त, तेव्हा लिहायचा हात हवा. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाळ्या आणि वास, पण प्रक्रिया तिथेच कळते. जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) करायचं असेल तर क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रंही. निमित्त सांगू नका, बसा आणि शिका. ऑडिटकडे वळायचं तर आयएसओ १४००१, हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक, वाचा.

बाकी भराभर. सीव्ही दोन पानांत. शिफारसपत्र परीक्षेच्या धामधुमीआधी मागा. मूळ आकडे दोन जागी ठेवा. इलेक्ट्रोड कोरडा पडू देऊ नका. आणि मुलाखतीला जाताना कॅलिब्रेशनची वही बरोबर न्या, डाग पडलेली असली तरी तीच.