तपासणीत ‘डिस्कला सूज’ निघाली, तर पुढे काय करायचं

चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्या माणसाच्या कागदावर ‘डिस्क एडिमा’ लिहून येतं, म्हणजे डोळ्याच्या नसेचं आत दिसणारं टोक (डिस्क) सुजलेलं आहे. नीट दिसत असतं, त्यामुळे पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरतं. तसं करू नका. मेंदूभोवतीचा दाब वाढून दोन्ही नसांची टोकं सुजतात, तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळ बरेच दिवस वाचता येते. आधी अंधबिंदू (एरवीही न दिसणारा नजरेतला ठिपका) मोठा होतो, मग कडेचं दिसणं जातं, बहुधा नाकाकडच्या खालच्या बाजूचं. ६/६ (तक्त्यावरची पूर्ण नजर) हा आकडा इथे दिलासा देत नाही.

सगळ्यात आधी बीपी मोजा, तिथल्या तिथे. १८०/१२० च्या वर असेल, तर नेत्रतज्ज्ञांची पुढची वेळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. उलट्या, गुंगी, फिट, तापाबरोबर मान आखडणे, एकाचे दोन दिसणे, नजर झपाट्याने उतरणे, यांपैकी काहीही असलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिलं दुखत असतील आणि चावताना जबडा भरून येत असेल, तर ईएसआर आणि सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) त्याच दिवशी करायला हवेत. हा रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो, त्यात स्टिरॉइडला उशीर झाला, तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

सूज एकाच डोळ्यात असेल, तर कारणं वेगळी. डोळा फिरवताना दुखतो आणि बाटलीचं लाल झाकण त्या डोळ्याने फिकट दिसतं, हे नसेच्या दाहाकडे बोट दाखवतं. सकाळी उठल्यावर वरचं किंवा खालचं अर्धं दिसणं एकदम गेलेलं, शिवाय मधुमेह किंवा बीपी, असं असेल तर नसेचा रक्तपुरवठा तुटल्याचा संशय घेतात.

दोन्ही डोळ्यांत असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. आडवं झाल्यावर डोकेदुखी वाढते का, वाकून उठताना काही सेकंद अंधारी येते का, कानात नाडीच्या ठेक्यावर सूंऽसूं होतं का. मुरुमांच्या गोळ्या (आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन), नुकतंच बंद केलेलं स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, वाढलेलं वजन, हेही सांगा. बाळंतपणानंतरची डोकेदुखी ‘पित्ताची’ म्हणून घरात दाबली जाते, पण तेव्हा मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका खरा असतो.

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर नंबर निघतो, डिस्क कळत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. थेंबांनंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून गाडीवर जाऊ नका, रिक्षा करा. काही जणांची डिस्क जन्मतःच फुगीर असते किंवा तिच्यात कॅल्शियमचे कण असतात. बी-स्कॅन सोनोग्राफीत ते चमकतात आणि पुढचा सगळा व्याप टळू शकतो.

खरी सूज असेल, तर एमआरआय. चिठ्ठीवर ‘मेंदू आणि ऑर्बिट (डोळ्याची खोबण), कॉन्ट्रास्टसह’ आणि ‘एमआर व्हेनोग्राफी’ (मेंदूच्या शिरांचं चित्र) हे दोन्ही लिहिलंय का, ते सेंटरला जाण्याआधी बघा. व्हेनोग्राफी राहिली, तर शिरेतली गुठळी नजरेतून सुटू शकते, ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात येतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. ससूनसारख्या रुग्णालयात नेत्र आणि मेडिसिन विभाग एकाच आवारात आहेत. नुसत्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुढचं काम अडतं.

मेंदूभोवतीचा दाब मोजायला कमरेतून मणक्यातलं पाणी काढतात, ते एमआरआयनंतरच काढायचं. मेंदूत गाठ असताना आधी काढलं, तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. कंबर कायमची जाते ही भीती मात्र फुकाची, कारण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. कुशीवर झोपवून, आकडा वाचण्याआधी पाय सैल सोडायला लावून दाब मोजतात. मोठ्या माणसात २५ सेंमी पाण्याच्या वर म्हणजे वाढलेला. पाणी लॅबला गेलं आणि दाब मोजलाच नाही, असंही होतं, तेव्हा कागदावर ‘ओपनिंग प्रेशर’ (पाणी काढण्याआधी मोजलेला दाब) लिहून घ्या.

एमआरआयमध्ये गाठ किंवा गुठळी नाही, पाणी स्वच्छ, पण दाब जास्त, असं निघालं तर बहुधा अ‍ॅसिटाझोलामाइड ही दाब उतरवणारी गोळी देतात, मोठ्या माणसात सुरुवात साधारण ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो. एवढ्यावरून गोळी बंद करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मुतखडा असेल, तर आधी सांगा. वजन जास्त असेल, तर ५ ते १० टक्के उतरवल्याचा फायदा औषधाइतकाच मोलाचा.

फील्ड टेस्ट (कडेपर्यंत किती दिसतं ते मोजणारी चाचणी) दर वेळी त्याच मशीनवर, त्याच पद्धतीची करा. नजर मधल्या दिव्यावरच ठेवा. दमलात तर बटण दाबून धरा, चाचणी थांबते. डोळे मिचकावा, मग बटण सोडा. दिवे शोधत नजर फिरवली, तर रिपोर्ट वाया.

ओसीटीवर (डोळ्याच्या आतल्या थरांचा स्कॅन) नसेची जाडी कमी झाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. सूज उतरली तरी जाडी घटते, नसेचे तंतू मेले तरी घटते. फील्ड सुधारत असेल किंवा टिकून असेल, तर पहिली शक्यता. जाडी आणि फील्ड दोन्ही घटत असतील, तर गोळ्या वाढवत महिना काढण्यात अर्थ नाही. नसेच्या आवरणाला छेद द्यायचा की शंट (जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवायचा, हे त्याच आठवड्यात विचारा.