नऊ पॉइंटांवर तोंड उघडायचं का? लांबट पानांचा ओव्हरकॉल

बेळगावात जुलैचा पाऊस बसला की आमचं ब्रिजचं टेबल टिळकवाडीतल्या एका पडवीत लागतं. बोली इंग्रजी शब्दांत, नंतरचा वाद मराठी-कानडी मिसळून. सगळ्यात जास्त वाद एकाच गोष्टीवरून होतो. समोरच्यांनी ओपनिंग केलंय, म्हणजे पहिली बोली लावलीय; आपले पॉइंट बेताचे, पण रंग लांब, म्हणजे एकाच रंगाची पानं बरीच. त्यावर आपली बोली लावायची (यालाच ओव्हरकॉल म्हणतात) की गप्प बसायचं?

समजा उजवीकडच्याने 'एक बदाम' म्हटलं आणि तुमच्याकडे ही पानं आहेत:

इस्पिक: राजा, गुलाम, १०, ९, ६
बदाम: ७
चौकट: एक्का, गुलाम, १०, ८, ४
किलवर: ९, ३

एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ या हिशेबाने पॉइंट भरतात ९. पण आधी ते कुठे पडलेत ते बघा. सगळेच्या सगळे दोन लांब रंगांत आहेत, खाली दश्शी-नश्शीचा टेकू आहे. बदामाचं एकच पान, म्हणजे त्यांच्या रंगाच्या दुसऱ्या फेरीलाच तुम्ही हुकूम मारणार. 'एक इस्पिक' म्हणा, बिनधास्त.

आता दुसरी पानं घ्या. इस्पिक ९, ८, ६, ४, २. बदामाचा एकटा राजा. चौकट गुलाम, ८, ६, ४, ३. किलवर राजा, राणी. ठेवण तीच, पॉइंटही नऊच. इथे पास. एकटा राजा त्यांच्या एक्क्याखाली चिरडला जाण्याची भीती, आणि किलवरची जोडी फार तर एक हात देईल. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या शब्दावर विसंबून भिडू इस्पिकच्या राजाखालून उतारी करेल आणि समोरच्यांना एक हात फुकट देऊन बसेल. उतारीला जो रंग तुम्हाला नकोय तो बोलूच नका.

रंग पसंत पडला की पायरी बघा. 'एक बदाम'वर इस्पिक पहिल्या पायरीवर, सातच हात करायचे. चौकट बोलायची तर दुसरी पायरी, आठ हात. तिथे मी सहा पानं आणि जवळजवळ ओपनिंगची ताकद असल्याशिवाय जात नाही. पाच-पाचची पानं एकाच बोलीत सांगणारी 'मायकेल्स'सारखी पद्धत भिडूशी आधी ठरली असेल तर वरच्या पानांवर 'दोन बदाम' म्हणता येईल. ठरलं नसेल तर आधी इस्पिक, आणि स्वस्तात जमलं तर पुढे चौकट.

मग व्हल्नरेबल कोण, म्हणजे बुडाल्यास जास्त दंड कुणाला, ते. हे विसरण्याची किंमत मी मोजलीय. मागच्या पावसाळ्यात 'एक इस्पिक'वर, आम्ही व्हल्नरेबल असताना, राणीपासून खाली उतरत जाणाऱ्या पाच चौकटांवर मी 'दोन चौकट' म्हणालो. का, ते आजही सांगता येत नाही. समोरच्यांनी डबल दिला, म्हणजे बुडण्याचा दंड वाढवला; पाच हात झाले, तीन बुडाले: दंड ८००. व्हल्नरेबल नसतो तर ५०० वर भागलं असतं. वर त्यांची गेमसुद्धा, म्हणजे मोठ्या बोनसची बोलीसुद्धा, होत नव्हती. माझे भिडू, वयाने सत्तरीचे काका, कुंद्याची बशी माझ्याकडे सरकवत एवढंच म्हणाले, "पॉइंट मोजलास, पानं बघितली नाहीस की."

भिडूने साथ दिली तर दोघांचे मिळून हुकूम मोजा. तुमची पाच, त्याची चार, झाली नऊ. तर नऊ हातांपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत ओढाताण करायला हरकत नाही. हा ठोकताळा फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांच्या एकूण हातांच्या नियमातून आलाय. व्हल्नरेबल असताना मी तोही जरा हात राखूनच वापरतो.

एकदा बोललात की आपली पानं पुन्हा पुन्हा सांगत बसू नका. त्यांनी 'चार बदाम' म्हटलं तरी तुमच्या हातात नवं पान आलेलं नसतं. पास म्हणा, डबल द्यायचा की पुढे जायचं, ते भिडू बघेल.