साठीनंतरची ई-सायकल: ताशी पंचविसाच्या आत चालवायला शिका

हेल्मेट, चाकातली हवा, डॉक्टरांकडून छातीची तपासणी हे जुन्या सायकलवाल्यांना सांगायची गरज नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी बासष्टाव्या वर्षी ई-सायकल घेतली, कारण नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर गुडघे बोलायला लागले होते आणि सायकल सोडायची माझी तयारी नव्हती.

घेताना दुकानदार बॅटरी आणि थ्रॉटलचं कौतुक सांगेल. तुम्ही टॉर्क सेन्सर आहे का, एवढं विचारा. स्वस्त सायकलींत कॅडन्स सेन्सर असतो. पेडल फिरतंय एवढंच त्याला कळतं, पाय किती जोर लावतोय ते कळत नाही. त्यामुळे सिग्नल सुटल्यावर पेडल जरा फिरलं की सायकल उसळी घेते, आणि आपल्या वयात तोल गेला की हाडावर बेततं. टॉर्क सेन्सर तुमच्या जोराच्या प्रमाणात मदत देतो. पैसे जास्त जातात, जाऊ द्या. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही.

सीटची उंची जुन्या सायकलवरून मोजून घ्या. ब्रेक डिस्कचे घ्या, कारण ई-सायकलचं वजन जास्त असतं.

आता खरी अडचण. तुम्ही आयुष्यभर रोड सायकल चालवलेली असते, सपाट रस्त्यावर पाय आपोआप 26-27 चा वेग पकडतात. आणि 25 ला मोटर मदत बंद करते. मी वर्धा रोडवर पहिल्या पहाटे हेच केलं. बुटीबोरीच्या दिशेनं निघालो, डिस्प्लेवर 26 आला, मोटरची गुणगुण थांबली आणि पेडल एकदम जड झालं. वीस-बावीस किलोची सायकल मी एकटाच ओढत होतो. वेग 24 वर उतरला की मोटर पुन्हा लागायची, मी पुन्हा जोर लावायचो, ती पुन्हा सुटायची. तासभर हेच चाललं. घरी आलो तेव्हा मांड्या जुन्या सायकलीवर भरल्या नसत्या इतक्या भरल्या होत्या. दोन आठवडे मी मोटरलाच दोष देत होतो, पण चूक माझ्या सवयीची होती.

कोणी सांगेल, स्पीड लिमिट काढून घ्या. अजिबात काढू नका. एक तर त्यामुळे सायकल कायद्यानं मोटर वाहन ठरू शकते, आणि त्या वेगाला चौकात ब्रेक लावायची आपली प्रतिक्रिया आता तीसच्या वयाची राहिलेली नाही.

उपाय असा: सपाट रस्त्यावर असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा आणि स्वतःला 21-22 वर बांधून घ्या. गिअर हलका, पाय मिनिटाला 75-80 फेऱ्यांवर. जड गिअर रेटत राहिलात तर गुडघाही दुखतो आणि मोटरही तापते. चढ समोर दिसला की चढाच्या आधी गिअर उतरवा, मग असिस्ट वाढवा. चढावर पूर्ण जोरात गिअर बदलला तर चेनवर तुमचा आणि काही सायकलींत मोटरचाही ताण एकदम येतो; माझी एक चेन अशीच तुटली. समोरून वारा असेल तेव्हाही असिस्ट एक पायरी वर, बस्स. किती श्रम होताहेत याच्या अंदाजासाठी नाडी बघू नका, विशेषतः बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर. त्या गोळीनं ठोके फारसे वाढतच नाहीत. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, एवढंच बघा.

बॅटरीचं गणित सोपं आहे. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॅट-अवर. हलक्या असिस्टवर मला किलोमीटरला साधारण सात लागतात, म्हणजे पन्नास किलोमीटर. रामटेक जाऊन-येऊन शंभरच्या आसपास होतं, तेव्हा चार्जर पिशवीत घ्या किंवा तिथपर्यंत जाऊच नका.

एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून आठला घरी. पारा 45 ला टेकतो तेव्हा बॅटरी उन्हातल्या गाडीत किंवा गच्चीवर ठेवू नका. फिरून आल्यावर ती गरम असताना चार्जिंगला लावू नका, सावलीत तासभर निवू द्या. सुट्टीवर गावाला जायचं असेल तर अर्धी भरलेली बॅटरी काढून घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा.