जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा हाती लागलाय? या चुका टाळा

संदुकीच्या तळाशी जुना कॅमेरा सापडला की पहिला हात मागच्या झाकणाकडे जातो. यवतमाळकडच्या मामाच्या घरी मीही तेच केलं. खटकन झाकण उघडलं, तर आत अर्धा वापरलेला रोल, उजेड लागून खराब! त्यावर कोणाचे फोटो होते, कोण जाणे. आधी रोल गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवायची. अडली तर आत रोल आहे.

तो ऑलिंपस ट्रिप 35 होता. हा कॅमेरा 1967 ते 1984 पर्यंत बनत होता आणि त्याला सेल लागतच नाही. लेन्सभोवतीच्या खडबडीत काचेमागची सेलेनियमची चकती उजेडावर वीज तयार करते. म्हणून ‘सेल नाही, बंदच असेल’ म्हणून भंगारात देऊ नका. रिंग ‘ए’वर ठेवून ती काच तळहाताने झाका आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, लाल पट्टी वर यायला हवी, शटर अडायला हवं. उन्हात मात्र ते चाललं पाहिजे. भर उन्हातही लाल पट्टीच आली, तर बहुतेक ती चकती गेली. असा कॅमेरा विकत घेत असाल तर शोभेचाच भाव द्या.

सगळ्यात जास्त कॅमेरे मात्र आपण जपूनच मारतो. चामडी कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवला, की मृगापासून पोळ्यापर्यंत चामडं ओल धरतं. लेन्सवर टॉर्च तिरपा मारा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कव्हर वेगळं, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. उन्हाळ्यात तोच डबा टिनाखालच्या माळ्यावर नको. तिथे आतलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर उतरतं, पाती चिकटतात.

झाकणाच्या खाचेतला उजेड अडवणारा फोम डांबरासारखा झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि काडीने काढा, थिनर नको. नव्या फोमऐवजी मी काळी लोकर बसवली, अजून उजेड शिरला नाही.

कॅनन कंपनीचा कॅनोनेट क्यूएल17 जीथ्री कॅमेरा मिळाला तर सेलची पंचाईत. त्याचा मूळचा 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. साधा 1.5 व्होल्टचा घातला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल साधारण 1.4 व्होल्टचा असतो. भोवती रबरी रिंग घालून तो बसवता येतो. वरचा कागद काढला की महिना-दोन महिन्यांत संपतो, म्हणून रोल भरायच्या दिवशीच काढा. आणि घरात कानाची मशीन वापरणारे आजोबा असतील, तर त्यांच्या डब्यातला घेण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं.