हरल्यावरची सही

ज्युनियरमधून नुकतेच टेनिसच्या पुरुष एकेरीत आलेले खेळाडू मला हटकून विचारतात, ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, कसा वाचायचा? अरे, वाचता तुम्हाला येतोच. बत्तीस जणांच्या ड्रॉत पहिला मानांकित सगळ्यात वर, दुसरा सगळ्यात खाली, तिसरा आणि चौथा चिठ्ठी टाकून नवव्या नाहीतर चोविसाव्या ओळीवर. वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश), बाय (न खेळता पुढची फेरी), प्रोटेक्टेड रँकिंग (दुखापतीआधीचं राखून ठेवलेलं रँकिंग), यातलं काहीच तुम्हाला नवीन नाही. मला सांगायचंय ते स्पर्धेच्या सुपरवायझरच्या टेबलावर पडलेल्या एका साध्या कागदाबद्दल, पात्रता फेरीत हरलेल्यांनी रिकामी जागा मिळावी म्हणून सही करायच्या यादीबद्दल. त्या कागदाने मला दोनदा बुडवलं.

ड्रॉ निघाला म्हणजे ठरला, असं आपण धरून चालतो. पण पहिल्या फेरीचा शेवटचा सामना सुरू होईपर्यंत तो हलू शकतो. २०१७ च्या यूएस ओपनमध्ये ड्रॉ निघाल्यावर अँडी मरेने माघार घेतली. त्याला दुसरं मानांकन होतं. त्याच्या ओळीवर पाचवा मानांकित मारिन चिलिच सरकला, चिलिचच्या जागी सतरावा सॅम क्वेरी, क्वेरीच्या जागी फिलिप कोलश्रायबर, आणि कोलश्रायबरने सोडलेल्या ओळीवर आला लुकास लाको. लाको पात्रता फेरीत हरला होता! एका माणसाचं दुखणं, आणि चार ओळींवरची नावं बदलली. हीच माघार पहिल्या दिवसाची ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक, लागल्यावर आली असती, तर ही सरकासरकी झालीच नसती, हरलेला खेळाडू थेट मरेच्या ओळीवर गेला असता.

तर हरलेल्याला अशी जागा मिळते, त्याला लकी लूजर म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. फक्त ती जागा घ्यायला तिथे हजर असावं लागतं, हे माझ्या डोक्यात उतरलं नव्हतं.

चॅलेंजर होती, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीची स्पर्धा. पात्रतेत चोवीस जण, दोन फेऱ्या, सहा जण आत. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरलो. टॉवेल डोक्यावर घेऊन लॉकर रूममध्ये बसलो होतो, तेवढ्यात कोचचा फोन. म्हणाला, रडत बसू नकोस, पुढच्या आठवड्याची स्पर्धा गाठ, रात्रीची गाडी पकड. पकडली. सकाळी गाडीतच फोनवर ड्रॉ उघडला, तर मुख्य फेरीत एका नावापुढे एल एल, म्हणजे लकी लूजर. माझ्याबरोबरच शेवटच्या पात्रता फेरीत हरलेला मुलगा, रँकिंगमध्ये माझ्या खाली. त्याने त्या कागदावर सही केली होती, मी केली नव्हती. बस, एवढंच. सुपरवायझर तुम्हाला फोन करून शोधत नाही, ते त्याचं कामही नाही.

दुसऱ्यांदा मी शहाणा झालो होतो. सोमवारी सकाळी पहिला मी, सही ठोकली, दिवसभर बसलो, काही झालं नाही. मंगळवारी आरामात उठलो, नाव यादीत आहेच की! नव्हतं. ती यादी रोजची असते. कालची सही कालच्यापुरती. पहिली फेरी दोन दिवस चालत असेल तर दोन्ही दिवशी सही करायची, आणि तीही दिवसाचा पहिला सामना सुरू व्हायच्या निदान अर्धा तास आधी. पहिला म्हणजे कुठल्याही कोर्टवरचा पहिला. ज्या सामन्यात तुम्हाला जागा मिळू शकते तो संध्याकाळी असला, तरी सही सकाळीच. मी पोहोचलो तेव्हा दोन नंबर कोर्टवर वॉर्मअप चालू होता. सुपरवायझरने घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. त्याच दुपारी एकाने माघार घेतली.

पुन्हा सांगतो, कारण ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. हरलात, की त्याच संध्याकाळी विचारा, उद्या यादी कुठे आणि किती वाजेपर्यंत. परवासाठी परवा पुन्हा विचारा.

हे फक्त माझ्यासारख्यांच्या बाबतीत होतं असं समजू नका. २०१८ च्या फ्रेंच ओपनमध्ये आपला प्रज्ञेश गुणेश्वरन पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरला आणि इटलीतल्या व्हिचेंझाच्या चॅलेंजरला गेला. मग मुख्य फेरीत माघारींची रांग लागली, त्याचा नंबर आला, पण तो तिकडे नाव देऊन बसला होता. जागा मिळाली मार्को ट्रुंगेलिटीला. तो हरून बार्सिलोनाला परतला होता. बातमी कळताच आई, भाऊ आणि आजीला गाडीत घालून रस्त्याने पॅरिस गाठलं, वेळेत सही केली आणि पहिल्या फेरीत बर्नार्ड टॉमिचला हरवलं. प्रज्ञेशचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता हं. चॅलेंजरचे गुण हातातले असतात, ही जागा हवेतली. पण तो हिशोब तुम्ही शांत डोक्याने करा, हरल्यानंतरच्या पहिल्या तासात नाही.

ग्रँड स्लॅममध्ये आणखी एक मेख आहे. तिथे शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी रँकिंगने वरच्या चौघांच्या चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे आपली जागा पक्की आहे हे ओळखून कुणी मुद्दाम सामना सोडू नये. चांगला नियम आहे. आमच्यातल्या काहींना तो आवडत नाही, त्यांचं कारण मला न बोललेलं बरं.

आता कोचबद्दल. ड्रॉ हातात पडताच जो माणूस उपांत्य फेरीपर्यंत बोट फिरवतो, ‘हा हरेल, तो थकेल, इथून तुझा रस्ता मोकळा’, त्याच्यापासून लांब राहा. आपल्या ओळीच्या शेजारची एक ओळ बघायची आणि कागद मिटायचा. आणि वाइल्ड कार्डसाठी आयोजकांच्या मागे फिरणं मला तरी उधारीसारखं वाटतं. गोरान इव्हानिसेविचने २००१ ची विम्बल्डन वाइल्ड कार्डवर जिंकली खरी, पण त्याआधी तो तिथे तीन वेळा अंतिम फेरी खेळला होता.

घाबरू नका मात्र. मागच्या दाराने आलात म्हणून कुणी कमी लेखत नाही. आंद्रे रुब्लेव्ह २०१७ मध्ये क्रोएशियातल्या उमागला पात्रतेत हरला, लकी लूजर म्हणून आत आला आणि स्पर्धाच जिंकला. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या मुख्य दौऱ्यावरचं त्याचं ते पहिलं विजेतेपद.

त्यानंतर मी किती सकाळी सह्या केल्या ते मोजलेलं नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. वॉर्मअप करायचा, पायाला टेप बांधायची, बसून राहायचं, संध्याकाळी टेप सोडायची. कंटाळ्याची तयारी ठेवा. हाक एकदाच आली, दुपारी, आणि माझ्या तीनपैकी दोन रॅकेट तारा विणणाऱ्या स्ट्रिंगरकडे होत्या. त्यातली एक यंत्रावर अर्धवट विणलेली. उरलेल्या एका रॅकेटवर उतरलो. समोरच्याने आदली रात्र माघार घेतलेल्या डावखुऱ्याची सर्व्हिस बघण्यात घालवली होती, मी उजव्या हाताने खेळतो. पहिला सेट मी ६-३ घेतला. दुसऱ्यात तार तुटली.